शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही

सकाळच्या सुविचारांसोबत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘संकट दिसलं की शहामृग वाळूत डोकं खुपसतो. त्याचा मेंदू डोळ्यापेक्षाही लहान. अंडी उन्हात टाकून तो निघून जातो. पंख आहेत, पण कामाचे नाहीत. तुम्ही शहामृग होऊ नका.’ ‘शहामृगी वृत्ती’ हा आपला वाक्प्रचारही याच समजुतीवर उभा आहे. एका कर्तबगार पक्ष्यावरचा हा अन्याय मला मनापासून खटकतो.

आधी डोक्याचं. वाळूत डोकं पुरलं तर श्वास कोंडेल, एवढा साधा विचारही पुरेसा आहे. मग ही समजूत आली कुठून? पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं, की शहामृग झुडपात मान खुपसतो आणि आपलं सगळं अंग लपलं असं समजतो. म्हणजे मुळात वाळू नव्हतीच, झुडूप होतं. तेही चूकच, पण अशी चूक का होते ते कळतं. शहामृग जमिनीलगतचा पाला, बिया टिपत असतो तेव्हा लांबून अवाढव्य धड दिसतं, इवलंसं डोकं दिसत नाही. घरटं म्हणजे नराने उकरलेला उथळ खड्डा. त्यातली अंडी चोचीने फिरवताना मान खड्ड्यातच असते. आणि अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला धोक्याची चाहूल लागली, की तो मान लांब करून जमिनीशी सपाट पडतो. आफ्रिकेच्या तापलेल्या माळावर तो मग मातीच्या ढिगासारखा दिसतो. लपणं म्हणतात ते हे, आणि डोळे तेव्हाही उघडे असतात. पळायची वेळ आलीच, तर ताशी ७० किलोमीटरपर्यंतचा वेग आहे. पुढच्या दिशेने बसणारी लाथ सिंहाचाही जीव घेऊ शकते.

मेंदू डोळ्यापेक्षा लहान, हे खरं आहे. पण त्यावरून मूर्खपणा कसा सिद्ध होतो? त्याचा डोळा सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचा, जमिनीवरच्या कोणत्याही प्राण्यापेक्षा मोठा. दोन मीटरहून उंच मानेवर असा डोळा असला, की उघड्या माळावर शत्रू फार दुरून दिसतो. संकटाकडे डोळेझाक करणारा म्हणून आपण नेमका हाच पक्षी निवडला!

अंड्यांचा आरोप तर बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाइतका जुना आहे. त्यात सत्याचा एक कण आहे: अंडी घालणं चालू असतं त्या दिवसांत घरटं बराच वेळ राखणीविना असतं. पण एकदा उबवणं सुरू झालं की सुमारे सहा आठवडे नर-मादी आळीपाळीने बसतात. दिवसा राखाडी-तपकिरी मादी, जी मातीत मिसळून जाते. रात्री काळा नर, जो अंधारात.

याहून विलक्षण गोष्ट प्राणिशास्त्रज्ञ ब्रायन बर्ट्राम यांनी केनियातल्या त्साव्हो वेस्ट या राष्ट्रीय उद्यानात शहामृगांचा अभ्यास करून १९७९ साली मांडली. एकाच घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात, पण उबवते ती मुख्य मादी. अंगाखाली वीसेक अंडी मावतात. त्याहून जास्त झाली, की ती जादा अंडी बाहेर सारते आणि सारलेली बहुतेक दुसऱ्या माद्यांची असतात. स्वतःची अंडी ती ओळखते. आपल्या नजरेला ती सगळी सारखीच पांढरी दिसतील. ‘अंडी टाकून देणारी’ म्हणून हिणवलेली ही आई मला तर फार हिशेबी वाटते.

ही अंडी आपल्या मुलुखालाही परकी नाहीत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेघा कोरलेला तुकडा मिळाला आहे. तो सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा आहे.

राहिले पंख. उडण्यासाठी नाहीत, एवढंच खरं. भरधाव पळताना वळायचं असलं की तोल सांभाळतात ते पंखच. विणीच्या काळात नर मादीपुढे गुडघे टेकून ते आळीपाळीने हलवतो. दुपारच्या उन्हात पिल्लांवर सावली धरतात तेही पंखच. आणि पिल्लांच्या मागावर शिकारी प्राणी आला, तर आई किंवा बाप पंख लोंबते सोडून, जखमी असल्याचं सोंग करत त्याच्यासमोर लंगडत धावतो. शिकाऱ्याला स्वतःच्या मागे ओढून नेतो, तोवर पिल्लं गवतात चिडीचूप पडून राहतात.