"40 ची कार्ब काढा, 45 ची टाका, 20 घोडे वाढतात" हे खरं नाही, एकेक मुद्दा घेऊन सांगतो

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला चार जणांनी पाठवला. थोडक्यात असा: जुन्या अल्फा रोमिओच्या ट्विन कॅम एंजिनवरची 40 ची जोड कार्बोरेटर कंपनीने पैसे वाचवायला बसवली होती, ती काढून टाका आणि 45 ची नवीन जोडी घ्या, मेक कुठलाही चालतो कारण आतून सगळी सारखीच, बॉक्समधून आलीत तशीच बसवा, सोबत जोरदार इलेक्ट्रिक पंप लावा, 20 हॉर्सपॉवर वाढलेच समजा, आणि जुनी रिपेअर करत बसू नका कारण झिजलेलं कार्ब कधी सुधरत नाही.

मी श्टुटगार्टजवळ राहतो, माझ्याकडे 1972 ची अल्फा 2000 जीटी वेलोचे आहे. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी अजून दोघांनी अशाच गाड्या घेतल्यात आणि त्यातला एक हा मेसेज वाचून 45 ची ऑर्डर द्यायला निघाला होता, त्याला फोनवर तासभर समजावलं, म्हटलं आता लिहूनच काढतो.

आधी ते 20 घोडे. 40 किंवा 45 हा आकडा बटरफ्लाय, म्हणजे पाय दिला की उघडणारी गोल झडप, जिथे बसते त्या भोकाचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. एंजिनला हवा किती आणि कशा वेगाने मिळणार हे ठरवते आतली व्हेंच्युरी, ती मधे बारीक होत जाणारी नळी, आणि वेबर या इटालियन कंपनीच्या डीसीओई मॉडेलमध्ये ती वेगळी काढून बदलता येते. इकडे तिला चोक पण म्हणतात, थंडीत ओढायचा चोक तो वेगळा, यात भल्याभल्यांचा घोळ होतो. व्हेंच्युरीतून हवा जोरात गेली की तिथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येऊन बारीक फवारा होतो. आता 45 ची नवीन जोडी बहुतेक वेळा 36 ची व्हेंच्युरी घालूनच येते, आणि रस्त्यावर चालणाऱ्या 2000 ला 32 च्या आसपासची पुरते. 32 वरून 36 म्हणजे ऐकायला चारच मिलिमीटर, पण क्षेत्रफळ जवळजवळ 27 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे त्याच आरपीएमला हवेचा वेग साधारण पाचव्या हिश्श्याने कमी. ओढ कमी पडते, पेट्रोलचा फवारा होण्याऐवजी थेंब पडतात, सिग्नल सुटल्यावर पाय दिला की गाडी आधी "घुऽक" करते, मग झटका मारून पळते. आणि आपण गाडी चालवतो कुठे, तर 2000 ते 4000 आरपीएम मध्ये, म्हणजे तोटा नेमका तिथेच. व्हेंच्युरी बारीक टाकून 45 वापरता येतं हे खरंय, पण मग मोठं कार्ब घेतलंच कशाला, वर मोठ्या बटरफ्लायमुळे हलक्या पायाचं चालवणं जास्त भरड होतं ते वेगळंच.

कंपनीने पैसे वाचवले म्हणणाऱ्यांनी कंपनीचीच गाडी बघावी. 1965 ची जीटीए, रेससाठी हलकी केलेली, 1570 सीसी, तिला अल्फाने खरंच 45 ची वेबर दिली होती. तिच्या रस्त्यावरच्या मॉडेलची पॉवर 115 हॉर्सपॉवर. त्याच 1570 सीसीची स्प्रिंट जीटी वेलोचे 40 वर 109 देत होती. फरक 6 चा! आणि ते 6 सुद्धा एकट्या कार्बचे नाहीत, जीटीएला सिलिंडरमागे दोन दोन प्लग होते, कॉम्प्रेशन पण जास्त. पुढे 2000 चं, म्हणजे 1962 सीसीचं एंजिन आलं तेव्हाही कंपनी 40 वरच राहिली आणि 131 हॉर्सपॉवर काढले. ज्या लोकांकडे 45 तयार पडलेली होती, वापरून झालेली होती, त्यांनी मोठ्या एंजिनला सुद्धा 40 च दिली, यावरून काय ते समजा. तुमच्या एंजिनात रेसचे कॅम आहेत, हेड पोर्ट केलंय (आतल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या केल्यात), आणि गाडी ट्रॅकवर 7000 च्या वर फिरते, तर 45 जरूर घ्या, तिथे त्यांची जागा आहे.

"मेक कुठलाही चालतो" हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलं की जास्त नुकसान होतं. त्या काळात अल्फाच्या कारखान्यातून वेबर, सोलेक्स आणि डेलोर्टो अशी तिन्ही मेकची कार्ब लागून गाड्या निघाल्या, तिन्हीवर गाडी छान चालते. पण एकाचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, दुसऱ्याला चालत नाहीत, म्हणजे एका मेकचे नंबर वाचून दुसऱ्यावर सेटिंग करणं हा वेळेचा चुराडा. वेबरमध्येसुद्धा डीसीओई च्या पुढचा नंबर बघायचा असतो, कारण बटरफ्लायजवळची प्रोग्रेशनची (थोडासा पाय दिल्यावर पेट्रोल सोडणारी) छोटी भोकं किती आणि कुठे पाडलीत हे त्या नंबराप्रमाणे बदलतं, त्यामुळे एका एंजिनवर दोन वेगळ्या नंबरांची कार्ब सहसा एकसारखी चालत नाहीत. इटलीतल्या बोलोन्याचा छाप असलेली खरी आणि स्पेनची नकली असंही त्याच मेसेजखाली कुणीतरी जोडलंय, तेही चूक, वेबरचं उत्पादनच पुढे स्पेनला गेलं, ती खरीच आहेत. स्वस्तातली कॉपी घेणार असाल तर निदान हातात घेऊन बघा. मी एका मित्राची अशी जोडी टॉर्च मागे धरून बघितली होती, (एका कार्बमध्ये दोन नळ्या असतात) बंद बटरफ्लायच्या कडेने एका नळीत प्रकाशाची बारीक कोर दिसत होती, शेजारच्या नळीत अर्धा चंद्र. अशी कार्ब आयडलला, म्हणजे पाय न देता एंजिन नुसतं चालू असताना, कधी स्थिर राहणार?

बॉक्समधून काढा आणि बसवा, या मुद्द्यावर फार लिहीत नाही. कार्ब बनवणाऱ्याला तुमचं एंजिन 1300 आहे की 2000 हे माहीत नसतं. सुरुवात करायला जुना ठोकताळा असा की व्हेंच्युरी गुणिले चार म्हणजे मेन जेट, 32 असेल तर 130 च्या जवळपास, आणि एअर करेक्टर, म्हणजे हवेचा जेट, त्याच्यापेक्षा 50 ने मोठा. ही फक्त सुरुवात, पुढे प्लगचा रंग बघायचा किंवा एक्झॉस्ट पाइपमध्ये लॅम्ब्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावून मोजायचं. आणि मेन जेटच्या मागे लागण्याआधी आयडल जेट नीट करा, कारण शांतपणे चालवताना गाडीचा बराचसा प्रवास आयडल जेट आणि त्या प्रोग्रेशनच्या भोकांवरच होतो.

जोरदार पंपाचं मात्र मनावर घ्या, इथे प्रश्न पॉवरचा नाही, आगीचा आहे. या कार्बना साधारण 3 पीएसआय दाब पुरतो. त्याहून बराच जास्त दिला की फ्लोटची नीडल व्हॉल्व (आत येणारं पेट्रोल थांबवणारी झडप) दाबापुढे टिकत नाही, पेट्रोल चढतं आणि गरम एंजिनवर सांडतं. कंपनीचा साधा मेकॅनिकल पंप धडधाकट असेल तर रस्त्यावरच्या 2000 ला तो भरपूर झाला. इलेक्ट्रिक लावायचाच असेल तर मधे प्रेशर रेग्युलेटर हवाच. जर्मनीत 2011 पासून पेट्रोल पंपावर ई10 (10 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, भारतात तर आता ई20, आणि इथेनॉल जुन्या रबराला खातं, त्यामुळे जुने रबरी पाइप सगळ्यात आधी बदला.

आता शेवटचा मुद्दा, जुनी रिपेअर होत नाहीत हा, आणि माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे कारण मी स्वतः यात फसता फसता वाचलो. माझी गाडी गरम झाली की आयडलला मिस मारायची, स्क्रू कितीही फिरवा, पाच मिनिटांत परत तेच. एका वर्कशॉपने बघितलं आणि सांगितलं, कार्ब गेली, नवीन जोडी घ्या. मी विचार करतो म्हणून घरी आलो. अल्फामध्ये कार्ब आणि एंजिनच्या मधे रबराचे माउंट असतात, एंजिनच्या थरथरीने फ्लोट बाउलमधल्या पेट्रोलला फेस येऊ नये म्हणून. संध्याकाळी एंजिन गरम करून चालू ठेवलं आणि त्या रबरांवर कार्ब क्लीनरचा छोटासा फवारा मारला, वरून काहीच नाही, खालच्या बाजूने मारल्याबरोबर आरपीएम बदललं. (हे करताना शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, थट्टा नाही.) माउंट काढून हातात वाकवला तर खालून नखभर लांब चीर उघडली, वरून दिसायला अगदी नवा. हवा तिथून आत जात होती आणि शिव्या कार्ब खात होतं. नवीन माउंट, गॅस्केटचा किट, अल्ट्रासोनिक सफाई, एवढंच केलं, त्याला आता तीन वर्षं झाली.

डीसीओई मध्ये थ्रॉटलची दांडी बॉल बेअरिंगवर फिरते, त्यामुळे झीज लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी असते. बॉडीला तडा, वर्षानुवर्षं पाणी राहून आतून खाल्लेली बाउल, पीळ बसलेली दांडी, यातलं काही असेल तर विचार करा, आणि दांडीसुद्धा बदलून मिळते. इथे जर्मनीत अजून एक गोष्ट, एच नंबरप्लेटला (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळते ती) गाडी किमान 30 वर्षांची आणि मूळ रूपात लागते, बदल केलेच तर ते त्या काळातले असावे लागतात, म्हणजे भलतीच कार्ब बसवून तपासणीच्या वेळी अडचण ओढवून घेऊ नका.

तरीही बदलायचीच असतील तर ऑर्डर देण्याआधी जुनी उघडा आणि कागदावर उतरवा: डीसीओई चा पुढचा नंबर, व्हेंच्युरी, मेन, एअर, आयडल, इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी भोकांची नळी), दोन्ही कार्बचे वेगवेगळे लिहा. त्या मित्राने फोन ठेवल्यावर हेच केलं, तर एकात आयडल जेट 50 चा निघाला आणि दुसऱ्यात 55 चा, आधीच्या मालकाने कधीतरी बदललेला. दोन्ही 50 केले, रबरी नळी कानाला लावून चारही नळ्यांचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत लिंकेज जुळवलं, आणि 45 ची ऑर्डर त्याने दिली नाही.