हरकती आणि सूचना

डॉक्टरांनी रिपोर्टावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "चालत जा, नाहीतर सायकल हाणा. गोळी वाढवायची वेळ माझ्यावर आणू नका." चालायला गेलं की वाटेत ओळखीचे भेटतात आणि ते थेट चहालाच नेतात. म्हणून मी सायकल निवडली. पुण्यात जन्मलेल्या माणसाला सायकल काय शिकवायची! सायकल येतच होती. रस्ता येत नव्हता.

आमच्या वडिलांच्या सायकलला कर भरल्याचा बिल्ला असायचा, आणि तो हरवला तर घरात सुतक पडायचं. आमच्या वेळेला भीती होती ती फक्त पोलिसाची. डबलसीट जाताना चौकात टोपी दिसली की मागच्यानं टुणकन उडी मारायची आणि आपला त्या सायकलशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं चालू लागायचं. मागून मोटार येऊन उडवेल हे मनातही यायचं नाही. आळीत मोटार एकच, तीही धक्का मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. म्हणजे तिच्यापासून धोका होता तो आमच्या कंबरेला.

आता कर्वे रस्त्यावर सायकल घेऊन उतरलो तर पहिल्या दोनशे पावलांतच एका स्कूटरवाल्यानं कट मारला आणि वर मान वळवून विचारलं, "काका, घरी सांगून आलाय ना?" मी खरोखरच सांगून आलो नव्हतो. पाठीशी पीएमपीची बस होती. बसला हॉर्न असतो हे मला माहीत होतं, पण तो बरगड्यांनी ऐकायचा असतो हे त्या दिवशी कळलं.

"मग सायकल ट्रॅकवरून जावं ना," असं बायको म्हणाली. गेलो. सुरुवातीला निळी पाटी होती, त्यावर पांढरी सायकल, आणि पाटीच्या खांबाला कुणाची तरी मोटारसायकल साखळीनं बांधलेली. मग लाल पेव्हर ब्लॉक. त्यातले मधले मधले निघालेले, त्यामुळे सायकल चालवताना कवळी बसवलेल्या माणसानं चिवडा खाल्ल्यासारखा आवाज येत होता. दुचाक्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब ठोकलेले. त्यांच्यामधून दुचाक्या व्यवस्थित शिरत होत्या. माझं हँडल अडकलं. उतरलो, हँडल तिरकं केलं, पुन्हा टांग टाकली, तर पुढे विजेची डीपी. तिला वळसा घातला तर बसथांबा, आणि थांब्यावरच्या बाईंनी "ओ, इथून काय सायकल चालवता?" असं विचारलं. शेवटी ट्रॅक एका गुलमोहोराच्या बुंध्यात जाऊन संपला. गुलमोहोर आधीचा होता, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

अशात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटीस आली: आपला रस्ता सायकलस्वारांसाठी सुरक्षित करणे व त्या अनुषंगाने पार्किंगची फेररचना, याबाबत रहिवाशांच्या हरकती व सूचना. नुसतं 'सायकल' लिहिलं असतं तर चार टाळकी आली असती. 'पार्किंग' वाचून हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. वॉचमन मामांनी शेजारच्या इमारतीतून दहा आणल्या, आणि त्यांच्यामागोमाग शेजारची इमारतही आली.

एक तरुण इंजिनिअर साहेब नकाशा घेऊन आले होते. बिचाऱ्यानं सरळ हिशेब मांडला. रस्ता बारा मीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा फूटपाथ गेला, उरले नऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात सायकल ट्रॅक निदान दोन मीटरचा पाहिजे, दोन्हीकडून गेले चार, उरले पाच. "पाच मीटरमधून दोन गाड्या समोरासमोर आरामात जातात."

"जातात हो," निवृत्त बँकवाले काका म्हणाले. "पण उभ्या कुठे राहतात?"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

मग मतं सुरू झाली. सायकलच्या विरोधात एकही माणूस नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. सायकल कशी आरोग्याला चांगली, पेट्रोल कसं वाचतं, पूर्वी फर्ग्युसन रस्त्यावर कशा सायकलींच्या रांगा असायच्या, हे सगळे बोलले, काही तर गहिवरून. ट्रॅक व्हायलाच पाहिजे यावर एकमत होतं. तो कुणाच्या गेटपुढून जावा, इतकाच प्रश्न होता. डेअरीवाले म्हणाले, समोरच्या बाजूनं न्या, तिकडे झाडांची सावली आहे. समोरचे म्हणाले, तुमच्या बाजूनं न्या, तिकडे चढ कमी आहे. या रस्त्याला चढ आहे हे मला तिथे कळलं, आणि मी तो रोज सायकलनं चढतो.

बँकवाले काकांकडे तोडगा तयार होता. "पी वन, पी टू आहेच की आपल्याकडे. विषम तारखेला सायकली, सम तारखेला गाड्या. एकतीसनंतर एक आला की सायकलवाल्यांना लागोपाठ दोन दिवस. आणखी काय पाहिजे?" त्यांच्या फायलीत कात्रणंही होती. २००६ साली स्वारगेट-कात्रज बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, झाली तेव्हा कडेनं ट्रॅक झाले त्याचं एक, डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला त्याचं एक. त्याच सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या होत्या, मोबाइलनं कुलूप उघडणाऱ्या. पिवळ्या, केशरी, हिरव्या. रंगपंचमी झाल्यासारखा रस्ता दिसायचा. आमच्याच इमारतीत एकानं त्यातली एक दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत नेऊन ठेवली होती, "कुणी चोरू नये म्हणून."

कोपऱ्यावरच्या बंगल्यातला एक तरुण उठला. त्याची सायकल माझ्या पहिल्या स्कूटरच्या दसपट महाग आहे आणि वजनाला माझ्या टिफिनएवढी. तो म्हणाला, "मला ट्रॅक नको. मला तिशीचा स्पीड लागतो. मी रविवारी पानशेत रस्त्याला जातो." कसा जातो? तर सायकल गाडीच्या टपावर बांधून. इथे चालवणं सेफ नाही, म्हणाला.

त्यावर तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "जानेवारीत ती परदेशी पोरं सायकलच्या शर्यतीला आली होती, तेव्हा रस्ते कसे लोण्यासारखे केले होते! आणि गाड्या बंद. तसं रोज करा की."

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही. माझ्या मते त्या संध्याकाळची तेवढीच एक कामाची सूचना होती.

मी काय बोललो, हे विचारू नका. बरं, सांगतो. मी सभेत एकटाच रोजचा सायकलवाला आहे अशा थाटात उभा राहिलो, खांबांमधलं अंतर, डीपी, गुलमोहोर सगळं सांगितलं, आणि ट्रॅक झालाच पाहिजे असं ठणकावलं. तेवढ्यात डेअरीवाल्यांनी विचारलं, "मग तुमची ती पांढरी गाडी? आठवड्यातनं एकदा धुण्यापुरती हलते ती?" मी म्हटलं, आमच्या गेटपुढचा तेवढा तुकडा जरा तांत्रिकदृष्ट्या वेगळा आहे.

चहा आला. मामा ट्रे घेऊन फिरत होते. ते वारज्याहून येतात, पहाटे साडेपाचला, काळ्या जुन्या सायकलवर. कॅरिअरला डबा, मूठ सुटलेल्या हँडलला सुतळी गुंडाळलेली. आजींनीच त्यांना अडवलं. "अहो मामा, तुम्ही तर रोज येता. तुमचं काय म्हणणं?"

मामांनी ट्रे खाली ठेवला नाही. "मी रॉंग साइडनंच येतो, आजी."

"हेच!" बँकवाले काका ओरडले. "यांच्यामुळेच अपघात होतात!"

"समोरनं येणारा दिसतो ना," मामा म्हणाले. "त्याच्या तोंडाकडं बघून कळतं, हा थांबणार का नाही. मागनं येणाऱ्याचं काय कळतंय?" आणि त्यांनी काकांपुढे बिनसाखरेचा कप धरला.

साहेबांनी पेन उचललं, थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "याला हरकत म्हणायचं का सूचना?" त्यावर सचिव काही बोलणार तोच कुणीतरी वर्गणीचा विषय काढला आणि सभा पूर्वपदावर आली.

तीन महिन्यांनी एका रात्रीत रस्त्यावर पांढरी रेघ उमटली. आमच्या बाजूनं. ठराविक अंतरावर सायकलचं चित्र. त्यातलं एक नेमकं माझ्या गाडीखाली आलं, बंपरपुढे फक्त पुढचं चाक दिसायचं, गाडीनं सायकल गिळावी आणि शेवटचा घास बाहेर राहावा तसं. बायकोनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी त्या संध्याकाळी गाडी पलीकडे नेली. दोनच दिवस चित्र पूर्ण दिसलं. तिसऱ्या दिवशी केबलवाल्यांनी चर खणला, बरोबर सीट आणि पायडलच्या मधून. मागचं चाक चराच्या अलीकडे, हँडल पलीकडे, आणि मध्ये मातीचा ढीग.

परवा सकाळी मी ढिगापाशी एक पाय टेकून उभा होतो. मामा समोरून आले, त्यांच्या नेहमीच्या बाजूनं, संथ. "साहेब, तिकडं खणलंय. इकडनंच या."

मी गेलो. खरंच, सगळे समोर दिसत होते. सगळ्यात पुढे होती ती कोपऱ्यावरच्या तरुणाची गाडी, टपावर सायकल.