‘दुहेरी अक्षरं म्हणजे दुर्मीळ नाणं’: व्हायरल दावा मुद्देसूद तपासताना

एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : सुट्या पैशांच्या डबीतली नाणी पाहा. अक्षरं दुहेरी दिसली, कड कापलेली असली, चित्र सरकलेलं असलं, साल पुसट असलं, रंग निराळा असला किंवा दोन्ही बाजूंना एकच चित्र असलं, तर ती टांकसाळीची चूक. टांकसाळीची चूक म्हणजे दुर्मीळ. नाणं चकचकीत करून विकायला काढा.

या यादीतला प्रत्येक दोष खऱ्या चुकीतही दिसू शकतो, म्हणूनच मजकूर खरा वाटतो. पण दोष असणं पुरेसं नाही. तो छापण्याआधी, छापताना की नंतर आला, हे पाहावं लागतं, आणि ते धातूवरच उमटलेलं असतं. १० पट दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्यास आणि जाडी मोजणारा कॅलिपर, लोहचुंबक आणि तिरपा प्रकाश पाडणारा दिवा, एवढं जवळ ठेवा.

‘अक्षरं दुहेरी आहेत.’ सर्वांत जास्त फसगत इथेच होते. संग्राहक ज्याला ‘डबल्ड डाय’ म्हणतात, त्यात दोष डायमध्येच, म्हणजे नाणं छापणाऱ्या कोरीव ठशातच असतो. पूर्वी उठावाचं चित्र असलेला मूळ ठसा, म्हणजे हब, डायवर एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागे. मधल्या काळात डाय किंचित फिरली, तर तिच्यातच दोन प्रतिमा कोरल्या जात. अमेरिकेचा १९५५चा एक सेंट याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण : त्यावरचं साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतात. पण बहुतांश ‘दुहेरी’ नाण्यांत डाय निर्दोष असते. ती यंत्रात सैल बसलेली असते आणि ठोका पडल्यावर जराशी सरकून ताजं उमटलेलं अक्षर एका बाजूने चेपते. असा दोष ढिगाने सापडतो आणि त्याला जादा किंमत नसते.

दोन्हींतला फरक भिंगातून दिसतो. खऱ्या डबल्ड डायमध्ये दुसरी प्रतिमाही उठावाची आणि गोलसर असते, आणि अक्षरांच्या टोकांशी दोन प्रतिमांमध्ये खाच दिसते. सरकलेल्या डायमध्ये अक्षराच्या कडेला सपाट, चकाकणारी पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढंच अरुंद झालेलं असतं. सोपी कसोटी हीच : अक्षर रुंदावलं असेल तर पुढे तपासा, बारीक झालं असेल तर नाणं परत डबीत टाका. अर्थात झिजलेल्या डायमुळेही अक्षरं फुगतात. मात्र तेव्हा ती धूसर दिसतात, मध्ये खाच नसते आणि आजूबाजूचा पृष्ठभाग खडबडीत असतो. खरा प्रकार असेल, तर त्याच डायच्या प्रत्येक नाण्यावर दोष हुबेहूब त्याच जागी असतो, त्यामुळे नोंद झालेल्या नाण्यांशी तो ताडून पाहता येतो.

‘कड कापलेली आहे.’ धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर पडतो आणि चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा जातो. ही चकती पुढे कड उचलणाऱ्या यंत्रातून जाते. तुकडा गेलेल्या जागी दाब बसत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही नीट उचलली जात नाही. त्यामुळे खऱ्या नाण्यात कापाच्या थेट समोर कड बहुतेकदा पुसट असते. शिवाय ठोका पडताना धातू मोकळ्या जागेकडे वाहतो आणि कापाजवळची अक्षरं ओढल्यासारखी होतात. नंतर कानस मारलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते, अक्षर मध्येच सरळ तुटतं आणि कापलेल्या भिंतीवर कानशीचे ओरखडे दिसतात.

‘चित्र सरकलं आहे.’ एकाच बाजूचं सरकलं असेल, तर डाय मध्यावर नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. किरकोळ बाब. दोन्ही बाजू सरकल्या असतील आणि एका कडेला कोरी कोर उरली असेल, तर चकती कॉलरबाहेर, म्हणजे तिला जागेवर धरणाऱ्या कड्याबाहेर, असताना ठोका पडला आहे. ही संग्राह्य चूक, आणि त्यातही साल दिसत असलेलं नाणं जास्त पसंत केलं जातं.

‘साल पुसट आहे.’ डायच्या खळग्यात ग्रीस आणि धूळ साचली की अक्षरं उमटत नाहीत. दोष टांकसाळीतलाच, पण अगदी नेहमीचा. उठावाची रेघ मात्र नीट पाहा : ती तडा गेलेल्या डायची असू शकते. खोल गेलेली रेघ जवळपास नेहमी साधा ओरखडाच असते.

‘रंग निराळा आहे.’ रंग रसायनाने, उष्णतेने किंवा मुलाम्याने बदलतो. १९४३चे अमेरिकी सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे, सुमारे २.७ ग्रॅमचे. चुकून तांब्याच्या मिश्रधातूवर छापले गेलेले मोजके सेंट ३.११ ग्रॅमचे. तांब्याचा मुलामा दिलेलं पोलादी नाणं चुंबकाला चिकटतं, तिथेच प्रश्न मिटतो. चिकटलं नाही तरी घाई नको, कारण १९४८मधला ८ तासून त्याचा ३ केलेली नाणीही आहेत.

‘दोन्हीकडे एकच चित्र आहे.’ अशी जवळपास सगळी नाणी जादूच्या प्रयोगांसाठी बनवलेली असतात. एक नाणं आतून पोखरून त्यात दुसऱ्याचा तासलेला तुकडा बसवतात. एका बाजूला कडेच्या आतल्या अंगाला सांधा सापडतो, वजनही बहुधा चुकतं. चुकीच्या जोडीच्या डायची खरी नाणी वेगळी असतात : २००८मध्ये ब्रिटनच्या २० पेन्सच्या नव्या मागील बाजूला जुनी पुढची बाजू जोडली गेली आणि साल कुठेच उमटलं नाही. टांकसाळीने ही चूक मान्य केली.

‘चकचकीत करून विका.’ मजकुरातला हा सल्ला सर्वांत घातक. घासल्याने पृष्ठभागावर बारीक समांतर ओरखडे पडतात, ते भिंगाखाली लगेच ओळखू येतात आणि अस्सल चुकीच्या नाण्याचीही किंमत घसरते. नाणं कडेनेच धरा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा आणि आहे त्याच स्थितीत दोन्ही बाजूंचा, कडेचा आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढून जाणकाराला दाखवा.