बिनहाडांचा कोट

"बाबा, रिसेप्शनला तो सफारी घातलास ना, तर मी तुला ओळख दाखवणार नाही," असं फर्मान काढून मुलीने मला मॉलमध्ये नेलं आणि एक लिननचा कोट अंगावर चढवला. आत हात घालून पाहिलं, तर अस्तर नाही, खांद्यात गादी नाही, छातीत कॅनव्हास नाही. किंमत मात्र सगळं असल्यासारखी. "अनस्ट्रक्चर्ड आहे, सर," विक्रेता म्हणाला. आमच्या लहानपणी याला 'शिंप्याकडून अर्धवट आणलेला' म्हणत.

हे खूळ मूळचं इटलीतल्या नेपल्सचं. १९३०च्या दशकात विन्चेन्झो अत्तोलिनी नावाच्या तिथल्या शिंप्याने इंग्रजी कोटाच्या पोटातली हाडं काढून टाकली आणि तो सदऱ्याइतका हलका केला. कल्पना झकास. पण कोटाची हाडं काढली की दिसतात ती आपली. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला आहे. गादीवाल्या कोटांनी हे गुपित आजवर इमानाने पोटात ठेवलं होतं. या कोटाने पहिल्याच आरशात चहाडी केली.

मग टेलरकाका. गेली ३० वर्षं ते माझं पोट मोजतात आणि आकडा पूर्ण दुकानाला ऐकवतात.

"बाही इंचभर कमी करा, कंबर जरा दाबा आणि खांद्यावरच्या या चुण्या तेवढ्या काढा."

काकांनी कोट उलटा केला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"चुण्या मुद्दाम ठेवल्यात. बाही शर्टासारखी बसवलीय. खांद्याला मी हात लावणार नाही."

"बरं, बाही?"

"मनगटाची काजं खरी आहेत. नुसती बटणं असती तर खालून आत घेतली असती. आता घेतली तर शेवटचं बटण काठावर लटकेल. म्हणजे बाही वरून काढायची. म्हणजे परत खांदा आला."

"मग निदान कंबर?"

"ती दाबतो. पण प्रत्येक शिवणीला आतून पट्टी आहे. ती उसवायची, शिवण मारायची, पट्टी परत लावायची. अस्तर असतं तर थोडं गचाळ काम खपलं असतं. पैसे दुप्पट होतील."

म्हणजे नसलेल्या अस्तराचे पैसे मी दुसऱ्यांदा दिले. बाह्या दुमडून घाला, हल्ली तसंच घालतात, असा सल्ला तेवढा फुकट मिळाला.

घरी आल्यावर तो तारेच्या हँगरला लावला. सकाळी दोन्ही खांद्यांवर शिंगं उगवली होती. मुलीने रुंद लाकडी हँगर आणला आणि बजावलं, "इस्त्री नको. आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये टांग, वाफेने बसेल. उरलेल्या सुरकुत्या असूच द्यायच्या, लिनन आहे ते." चार दिवस मी आणि कोट एकत्र आंघोळीला गेलो. कढत पाण्याने मी लालबुंद झालो, त्याची एक सुरकुती हलली नाही.

बायकोला हे बघवेना. "लग्नघरात असला चुरगळलेला बोळा घालून जाणार आहात?" असं म्हणून तिने तो गुपचूप तिच्या कॉटनच्या साड्यांबरोबर इस्त्रीवाल्याकडे धाडला. साड्यांना साबुदाण्याची खळ होती. त्याने कोटालाही दिली, कुठलाही भेदभाव न करता. परत आला तेव्हा बाह्यांना सुरीसारखी घडी होती, कॉलर पापडासारखी चपटी होती आणि पलंगावर ठेवला तर कोट बसून राहत होता. नेपल्सने काढलेली हाडं आमच्या इस्त्रीवाल्याने दोन वाट्या साबुदाण्यात परत बसवली.

रिसेप्शनला मेव्हण्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. टक्क असा आवाज आला. "कडक कोट! आत गादी आहे वाटतं?" डावा खांदा उजव्याच्या बरोबरीने ताठ उभा होता. मी अभिमानाने मुलीकडे पाहिलं. ती चार खुर्च्या सोडून बसली होती.

तिने ओळख दाखवली नाही.