राणीच्या बागेचं नाव कुणीही बदललेलं नाही, मावशी

शनिवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अरे, उद्याचं रद्द कर. पोराला तिकडे नको न्यायला." तिकडे म्हणजे भायखळ्याला, राणीच्या बागेत. पोर म्हणजे तिचा नातू, वय वर्षं सहा. आठवडाभर 'पेंग्विन, पेंग्विन' करून त्याने घर डोक्यावर घेतलेलं. का रद्द करायचं, तर म्हणाली, "तुला पाठवलंय, वाच म्हणजे कळेल."

वाचलं. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एका बाईंनी टाकलेला मेसेज, वर 'प्रत्येक मराठी माणसाने वाचावे' आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. मजकूर थोडक्यात असा: राणीबागेचं नाव बदलून 'हजरत हाजी पीर बाबा राणी बाग' केलं आहे, जिजाऊंचं नाव पुसलं आहे. मुळात ही बाग व्हिक्टोरिया राणीने स्वतःच्या पैशाने, स्वतःला फिरायला म्हणून बांधली. तिथला दगडी हत्ती तिच्या स्वागतासाठी कोरला. आता बर्फातून उचलून आणलेले पेंग्विन बघायला माणशी पाचशे रुपये लागतात. आणि झाडं सगळी तोडून आत सिमेंट ओतलं आहे. पुरावा म्हणून खाली एका पाटीचा फोटो. एवढ्यावर मावशीने नातवाची सहल मोडीत काढली.

आधी त्या नावाचंच बघू, कारण बाकीचं नुसतं अडाणीपणाचं आहे आणि हे विषारी आहे.

हा फोटो नवा नाही. २०२१ संपून २०२२ लागत होतं तेव्हा तो असाच घरोघरी फिरला होता. महापालिकेला तेव्हाच जाहीर खुलासा करावा लागला की बागेचं नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय' होतं आणि तेच आहे. बाग महापालिकेच्या मालकीची, नाव बदलायचं तर ठराव तिच्याच सभागृहात यायला हवा, आणि तीच सांगते आहे की बदललेलं नाही. यावर आणखी कुणाची साक्ष काढायची? तरी दर काही महिन्यांनी हा फोटो पुन्हा उगवतो, तारीख काढून टाकलेली असते, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मावशीला तो ताजा वाटतो.

फोटोतली पाटी तरी नीट वाचा. ती तिथल्या दर्ग्याची पाटी आहे. पिराचं नाव, आणि पुढे ठिकाण. 'सिद्धिविनायक, प्रभादेवी' असं कुणी लिहिलं म्हणून प्रभादेवीचं नाव बदलत नाही. मावशी, तू लालबागच्या चाळीत वाढलीस. गणपतीच्या दहा दिवसांत 'लालबागचा राजा' अशी अक्षरं पावलोपावली दिसतात, म्हणून आपण कधी लालबागचं नाव राजा झालं असं म्हटलं का? चिंचपोकळीचा चिंतामणी आहे, म्हणून स्टेशनवर चिंतामणीचं तिकीट मागितलं का? देव, पीर, राजा सगळे आपापल्या वस्तीच्या नावाने ओळखले जातात, हे आपल्या गिरणगावात शेंबड्या पोरालाही कळतं. इथे पीर बागेमुळे ओळखला जातो. मेसेज लिहिणाऱ्याने ते उलटं करून वाचलं, आणि चुकून वाचलं असं मला मुळीच वाटत नाही.

नाव बदललं, हे खरं आहे. पण ते बदललं व्हिक्टोरियाचं पुसून जिजाऊंचं लावताना, आणि त्यालाही कित्येक दशकं झाली. बेस्टचा कंडक्टर 'जिजामाता उद्यान' असंच ओरडतो. आपणच ते नाव घेत नाही. आजीच्या तोंडी 'राणीचा बाग' होता, शाळेत गेल्यावर त्याची 'राणीची बाग' झाली, आणि जिजाऊंचं नाव पुसलं म्हणून गळा काढणाऱ्या या मेसेजमध्ये पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'राणीबाग'च लिहिलंय. जिजाऊंचा एवढा कळवळा, तर स्वतः तरी एकदा पूर्ण नाव लिहायचं होतं.

आता राणीने बांधली, हे. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानात कधी पाऊलच ठेवलं नाही. फिरायला कुठून येणार होती, आगबोटीने दर रविवारी? तिचं फक्त नाव दिलेलं. बाग लावली 'अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेने. तिची आधीची बाग शिवडीला होती, ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली, म्हणून भायखळ्याला नवी बाग केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी उघडली, उद्घाटन केलं गव्हर्नरच्या बायकोने, लेडी फ्रिअरने. १८७३ मध्ये बाग महापालिकेच्या ताब्यात आली. हे मी मनाने सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने मुंबई शहराचं गॅझेटियर तीन खंडांत काढलं, त्यात व्हिक्टोरिया गार्डन्सची सगळी कुळकथा आहे. मोठ्या ग्रंथालयात जाऊन कुणीही काढून वाचावं.

आणि 'गोऱ्यांची बाग' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी: आवारातल्या म्युझियमची पायाभरणीही त्याच दिवशी झाली, आणि ते उभं राहावं म्हणून धडपडणाऱ्यांत नाना शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८७२ मध्ये ते उघडलं आणि १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचंच नाव आहे. शंभर वर्षं व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याच्या नावाने उभी असलेली इमारत एका मराठी डॉक्टरच्या नावाने झाली, यावर मात्र कुणी मेसेज फिरवत नाही.

हत्तीची गोष्ट वाचून मला हसू आवरेना. तो हत्ती घारापुरीचा आहे. त्याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, म्हणजे व्हिक्टोरियाच्या जन्माआधी काही शतकं तो तिथे उभा होता. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि पुढे १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघितलं तर अंगावर सांधे दिसतात, काळ्या दगडात मध्येच वेगळी रेघ जाते. लहानपणी मी त्या रेघेवरून बोट फिरवायचो आणि आई ओरडायची. राणीच्या स्वागताला कोरलेला म्हणे! तिच्या देशात न्यायला निघाले तर पठ्ठ्याने क्रेन मोडून दाखवली.

(जाता जाता, त्याच आवारात सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा आहे. 'काळा घोडा' म्हणतात तो हाच. १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे आणला. फोर्टातल्या त्या चौकाला लोक अजूनही काळा घोडाच म्हणतात. नावं अशी चिवट असतात.)

तिकिटाचं पाचशे रुपये साफ खोटं. पण कळ का येते ते मला माहीत आहे, आणि इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण द्यावाच लागेल. पाच रुपयांत आत जाता यायचं, ते २०१७ मध्ये मोठ्या माणसाला पन्नास झालं. दसपट. गिरण्या बंद पडल्यावर या भागात ज्यांच्या हाती काही उरलं नाही, त्यांची रविवारची हक्काची सहल म्हणजे ही बाग. घरून पोळीभाजीचा डबा, पोरांना माकडं दाखवायची, झाडाखाली चटई टाकून दुपार काढायची. त्यांना पन्नास रुपये टोचले, आणि टोचायलाच हवे होते. तेव्हा आई-बाप आणि दोन मुलं मिळून शंभर असा तोडगा निघाला. तरी ते पाचशे नव्हेत. पेंग्विनही 'बर्फातून उचलून आणलेले' नाहीत. हम्बोल्ट जातीचे आहेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ मध्ये सेऊलहून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला. त्यावर टीका करायची तर खुशाल करा, मीही करतो. पण त्यासाठी आकडे फुगवायला लागत नाहीत.

झाडांचं पण तसंच. सगळी तोडली म्हणणाऱ्याने आत पाऊलही टाकलेलं नाही. तीन हजारांहून जास्त झाडं आहेत तिथे. गोरखचिंच आहे, चार-पाच जणांनी हात धरले तरी खोडाला वेढा पडेल की नाही अशी. कैलासपती आहे, खोडालाच तोफगोळ्यासारखी फळं लगडलेली. उर्वशी आहे, फुलते तेव्हा लाल झुंबरं टांगल्यासारखी दिसते आणि तेवढ्यासाठी ठाणे-डोंबिवलीहून माणसं येतात. पिंजरे मोठे करताना आत बांधकाम वाढलं, हे मात्र मान्य. २००७ च्या सुमाराला चारशे कोटींच्या वरचा एक नूतनीकरणाचा आराखडा आला होता. तो तसाच्या तसा झाला असता तर या मेसेजमधलं सिमेंट कदाचित खरं ठरलं असतं. तो अडवला कुणी, तर तिथे रोज सकाळी चालायला येणाऱ्या आणि झाडं नावानिशी ओळखणाऱ्या बायाबापड्यांनी. अर्ज केले, कार्यालयांचे उंबरे झिजवले, झाडांच्या याद्या केल्या. ग्रुपवर 'पुढे पाठवा' लिहून घरी बसल्या नाहीत.

हे सगळं मी रात्री मावशीला फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मग त्या बाईंनी पाठवलं कशाला? त्या तर रिटायर्ड शिक्षिका आहेत." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी आम्ही गेलो. भायखळ्याला पूर्वेकडे उतरलो, साडेनऊला खिडकी उघडायच्या आधीच रांगेत. वर फाटकावर 'वीरमाता जिजाबाई भोसले' ही अक्षरं, पोराने नुकतीच जोडाक्षरं शिकल्यामुळे मोठ्याने फोड करत वाचली. मावशीने त्याचा फोटो काढला आणि तिथेच, रांगेत उभ्या उभ्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. त्या बाईंनी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि पाचच मिनिटांनी लिंबू-मिरीने मधुमेह बरा होतो असा नवा मेसेज.