मशीनला सबसिडी आहे, मिरचीला नाही

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सबसिड्या बंद करा, लोक ऐतखाऊ झालेत." खाली लाइकचा पाऊस. उत्तर द्यायला बसलो आणि ते कमेंटमध्ये मावेना, म्हणून इथे लिहितोय.

मी गेली अकरा वर्षं कराडच्या बाजूला छोट्या उद्योगांच्या कर्जाच्या फायली करतो. प्रोजेक्ट रिपोर्ट, उद्यम नोंदणी, बँकेच्या खेपा. म्हणजे माझं पोटच या योजनांवर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरी माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे. फक्त ती ऐतखाऊपणाची नाही.

सबसिडी म्हणजे सरकार हातावर पैसे ठेवतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. पीएमईजीपी घ्या, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ सालचा. सर्वसाधारण गटाला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, गावात २५. महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक अशांना शहरात २५, गावात ३५. आणि ही रक्कम बँकेत तीन वर्षं अडकून पडते. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, पण ती कर्जात वळती व्हायची तर तीन वर्षं युनिट चालू राहायला हवं. घरचे पाच-दहा टक्के घालून, उरलेल्याचे हप्ते फेडत जो तीन वर्षं तग धरतो, त्याला ऐतखाऊ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

माझं दुखणं दुसरंच आहे. ते एका काकूंच्या फायलीमुळे नीट कळलं.

काकू वीस वर्षं घरी कांदा-लसूण चटणी करून विकायच्या. पाहुण्यारावळ्यांत, मग शाळेतल्या बाईंना, मग पुण्याला गेलेल्या पोरांच्या डब्यातून. पीएमएफएमई आली, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, २०२० सालची. खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. मीच म्हणालो, काकू, करूया. कांडप यंत्र, दळायचं पल्वरायझर, भाजायचं रोस्टर, पाउच सील करायचं मशीन, थोडं बांधकाम, सगळं मिळून आठ लाख. घरचे ८० हजार, कर्ज ७ लाख २० हजार, त्यात सबसिडी २ लाख ८० हजार. कागदावर इतकी देखणी फाइल मी क्वचितच केली असेल.

मशीन आलं. नारळ फुटला. सगळ्यांनी फोटो काढले. आणि पहिल्याच मार्चमध्ये काकूंचा फोन, "दादा, मिरचीला पैसे कुठून आणू?"

ज्यांच्या घरी चटणी होते त्यांना हे सांगायला नको. वर्षाची मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशीच भरावी लागते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला. आधी काकू घरापुरती आणि ऑर्डरपुरती वीस-पंचवीस किलो घ्यायच्या, वाळवून डब्यात ठेवायच्या. आता मशीनचं पोट भरायचं तर क्विंटलमध्ये घ्यायला हवी. ब्याडगी, खोबरं, तीळ, धणे, तेल, पाउच, लेबल, वीजबिल, हाताखालच्या दोघींची मजुरी. माल दुकानात गेल्यावर दुकानदार पैसे देणार दीड महिन्यानं, तेही दहा हेलपाटे घातल्यावर. हे सगळं खेळतं भांडवल. आणि सबसिडी मोजताना धरतात यंत्रसामग्री आणि तांत्रिक बांधकाम. मिरची त्यात बसत नाही.

मग काकूंनी पावसाळ्यात, भाव चढल्यावर, पेठेतून वीस-वीस किलोंची पोती उधारीवर उचलली. चटणी तीच, चव तीच, पण पाउचमागे सुटायचे ते पैसे मिरचीवाल्याच्या खिशात. मशीन आठवड्यातून दोन दिवस चालायचं. हप्ता मात्र रविवारीसुद्धा झोपत नाही.

बरं, विक्रीला मदत? योजनेत ब्रँडिंग आणि मार्केटिंगचा भाग आहे, खर्चाच्या निम्मे मिळतात. पण ते गटांना, शेतकरी कंपन्यांना, सहकारी संस्थांना. मूळ मार्गदर्शक सूचनांत तर त्या उत्पादनाची उलाढाल किमान ५ कोटी हवी अशी अट होती. ज्याची ५ कोटींची चटणी आधीच खपतेय, त्याला ती खपवायला मदत. वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं.

मोठ्या कारखान्यांचं मात्र उलट आहे बघा. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली आहे. तिच्या २०१९ च्या आवृत्तीत मुख्य सवलत राज्याच्या जीएसटीशी जोडलेली होती, म्हणजे ढोबळमानानं माल विकाल त्या प्रमाणात परतावा. लहान उद्योगही त्यात बसायचे, नाही असं नाही. पण मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीच सक्तीची नाही, आणि नोंदणी नाही तर परतावा कशाचा? म्हणजे मोठ्याला विक्रीवर पैसे, काकूंना लोखंडावर.

लिज्जत पापडाची गोष्ट सगळे सांगतात. १९५९, गिरगाव, सात बायका, उसने ८० रुपये. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १९६६ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगानं त्यांना मान्यता दिली, तेव्हा ८ लाख रुपये दिले ते खेळत्या भांडवलासाठी. तोवर सात वर्षं त्यांचा पापड बाजारात खपत होता. पापड लाटायचं मशीन कुणी त्यांच्या गळ्यात मारलं नाही. आज ती फाइल माझ्याकडे आली असती तर मीच चार मशीनची कोटेशनं जोडली असती!

कोटेशनवरून आठवलं. काही विक्रेते येतातच "सबसिडीत बसवून देतो" म्हणत. पाच लाखांचं मशीन सात लाखांना दाखवायचं, म्हणजे घरचे दहा टक्के कागदावरच भागतात. गिऱ्हाइकाला वाटतं फुकटात पडलं. फुकट कसलं, फुगवलेल्या कर्जाचं व्याज तोच भरतो. अशा फायली मी करत नाही. त्यामुळे माझ्याकडे गर्दी कमी असते.

आणि आमच्या जमातीचंही सांगतो. पीएमएफएमईत फाइल करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीला मंजूर कर्जामागे २० हजार ठरले. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मे नोंदण्या होऊन युनिट सुरू झाल्यावर. दुसऱ्या वर्षी मिरची कशी भरलीस, हे विचारायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

तर सबसिडी बंद करू नका. जागा बदला. मशीनवर ३५ ऐवजी २० टक्के द्या, उरलेल्या पैशांत पहिली तीन वर्षं कॅश क्रेडिटचं, म्हणजे माल भरायला बँक देते त्या सीसी कर्जाचं, व्याज भरा. आणि बँकेला सांगा, सीसी हंगामाआधी, मशीनच्या कर्जाबरोबरच मंजूर करायची.

काकूंची दीड लाखाची सीसी शेवटी झाली. जूनमध्ये. मिरचीचा हंगाम तोवर केव्हाच उलटला होता. आता वाढीव मर्यादेचा अर्ज आम्ही नोव्हेंबरातच देऊन ठेवलाय. दर सोमवारी मी बँकेत डोकावतो, आणि साहेब म्हणतात, "वर पाठवलंय."