पॅरिस एकाच माणसाच्या दयेवर वाचलं नाही

ऑगस्ट आला की हा मेसेज हमखास फिरतो: '१९४४ मध्ये स्वीडनच्या वाणिज्यदूताने एका रात्रीत जर्मन जनरलचं मन वळवलं, जनरलने हिटलरचा हुकूम मोडला आणि पॅरिस वाचलं.' यातली माणसं खरी आहेत, पण गोष्ट तशी घडली नाही.

पहिलं, 'एका रात्रीत मन वळवलं'. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. १९ ऑगस्टला पॅरिसच्या पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध उठाव करून स्वतःचंच मुख्यालय ताब्यात घेतलं. जर्मनांनी त्यावर रणगाडे घातले, आतला दारूगोळा संपत आला. संध्याकाळी वाणिज्यदूत राउल नॉर्डलिंग हे पॅरिसचा जर्मन सेनाप्रमुख जनरल फॉन कोल्टिट्झ याच्याकडे गेले आणि युद्धतहकुबी ठरली. ती आधी त्या इमारतीपुरती होती, दुसऱ्या दिवशी लाउडस्पीकरवरून शहरभर जाहीर झाली. कोल्टिट्झकडे जेमतेम वीसेक हजार सैनिक, तेही शहरभर विखुरलेले. माघार घेणाऱ्या तुकड्यांना पॅरिसमधून वाट हवी होती. म्हणजे ही दोन्ही बाजूंची गरज होती, हृदयपरिवर्तन नव्हे. शिवाय फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या रोल-तांगीच्या लढवय्यांना ही तहकुबी मान्यच नव्हती. रस्त्यांवर गोळीबार सुरू राहिला आणि २२ तारखेपर्यंत जागोजागी बॅरिकेड उभे राहिले.

दुसरं, 'हुकूम मोडला'. पॅरिस शत्रूच्या हाती पडलं तर ढिगारा म्हणूनच पडावं, हा हुकूम २३ तारखेचा. तोवर फ्रेंच जनरल लेक्लेर्कची चिलखती डिव्हिजन पॅरिसकडे निघालीही होती, आणि २५ला कोल्टिट्झ कैद झाला. पूल उडवले नाहीत हे खरं, पण त्यामागची उदात्त कारणं आपल्याला मुख्यतः त्यानेच युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींतून कळतात. ब्रिटिश कैदेत चोरून ध्वनिमुद्रित झालेल्या संभाषणात तो ज्यूंच्या संहाराला आपण पार पाडलेलं सर्वांत कठीण काम म्हणतो. अशा माणसाला तारणहार म्हणायला माझं मन धजत नाही.

मग नॉर्डलिंगने काय केलं? पुष्कळ केलं, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नसतं. २० तारखेला जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंचांचे नेते द गॉल यांचे प्रतिनिधी पारोदी जर्मनांच्या हाती सापडले, त्यांची सुटका नॉर्डलिंगनेच घडवून आणली. त्याआधी १७ तारखेला राजकीय कैदी सोडण्याचा करार केला, त्यातून हजारो जण वाचले. पण १५ तारखेला पॅरिसजवळच्या पांतँहून निघालेली रेल्वेगाडी त्यांना थांबवता आली नाही. दोन हजारांहून अधिक कैदी त्या गाडीतून बुखेनवाल्ड आणि रावेन्सब्र्यूक या नाझी छळछावण्यांत गेले.